अन्ननलिकेचा प्रगत कर्करोग आणि शरीरातील रसायनांचा बिघाड

अन्ननलिकेच्या कर्करोगाची आपल्या लोकांना असलेली ओळख म्हणजे घास अडकणे. प्रथम भाकरी अडकते, नंतर भात, नंतर पेज, आणि शेवटी स्वतःची थुंकीही खाली उतरत नाही. त्यामुळे या रुग्णाच्या बाबतीत जे जे होते, ते सर्व उपासमारीने होते असा घरच्यांचा समज होतो. रुग्ण वाळला, भुकेने. रुग्ण दिवसभर झोपून राहतो, अशक्तपणाने. असंबद्ध बोलू लागला, तर शेवट जवळ आला. हा समज अर्धाच खरा आहे. या रोगाच्या प्रगत अवस्थेत शरीराचा चयापचयच बिघडतो. रक्तातील कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट आणि साखर यांचे प्रमाण वर-खाली होते. यांपैकी काही बिघाड साध्या उपचारांनी चार-सहा दिवसांत सुधारतात, परंतु ते कुणाच्या लक्षात आले तरच. मूळ रोग बरा होत नसताना हे बिघाड सुधारून काय मिळते, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईलच. आधी विषय समजून घेऊ.

मुंबईत कर्करोग म्हटला की परळ. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले व १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. देशातील पहिली लोकसंख्या-आधारित कर्करोग नोंदणीही याच शहरात, इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केली. म्हणजे तज्ज्ञांची या शहराला वाण नाही. पण एक गोष्ट आपण विसरतो. रुग्ण परळला जातो तो तपासणीच्या तारखेला, किरणोपचाराला, केमोथेरपीच्या दिवशी. उरलेले सर्व दिवस तो घाटकोपरच्या टेकडीवरील खोलीत, मुलुंडच्या चाळीत किंवा बोरिवलीच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर असतो. या लेखातील बिघाड बहुधा त्या दिवसांत, घरीच सुरू होतात. तेथे डॉक्टर नसतो. असते ती पत्नी, सून किंवा कॉलेजात जाणारा मुलगा. म्हणून हा लेख विद्यार्थ्यांसाठी असला तरी घरातल्या त्या माणसालाही तो समजावा अशी आमची अपेक्षा आहे.

रोगाविषयी थोडक्यात. आपल्या देशात या कर्करोगाचा बहुसंख्य प्रकार स्क्वॅमस पेशींचा, म्हणजे अन्ननलिकेच्या आतील अस्तराच्या चपट्या पेशींचा आहे. तंबाखू, बिडी, मिश्री व दारू ही त्याची मुख्य कारणे. तंबाखू आणि दारू एकत्र आली की धोका कितीतरी पटीने वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसच्या वरचे अतिशय गरम पेय हेही संभाव्य कारण म्हणून नोंदले. कटिंग चहा उकळता-उकळता घशाखाली लोटणाऱ्यांनी त्याची नोंद घ्यावी. अन्ननलिका लवचिक असते, त्यामुळे तिचा बराचसा भाग गाठीने व्यापल्याशिवाय गिळताना त्रास जाणवत नाही. म्हणूनच आपले बहुतेक रुग्ण प्रगत अवस्थेत पोहोचल्यावरच डॉक्टरकडे येतात.

भूक आणि कॅकेक्सिया

निरोगी माणूस उपाशी राहिला तर शरीर काटकसर करते. पहिल्या एक-दोन दिवसांत यकृतातील साखरेचा साठा संपतो. नंतर शरीर चरबी जाळू लागते, मेंदूही चरबीपासून बनलेल्या कीटोन द्रव्यांवर चालू लागतो आणि स्नायू शक्य तेवढे राखून ठेवले जातात. चयापचयाचा वेग मंदावतो. गरीब घरातली बाई दुष्काळात जशी आधी कोठीतले धान्य पुरवून वापरते आणि घराच्या वाशाला हात लावत नाही, तसेच हे आहे.

प्रगत कर्करोगात ही काटकसर मोडते. गाठीतून आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतून इंटरल्युकिन-६, टीएनएफ यांसारखी दाहजनक द्रव्ये रक्तात येतात. टीएनएफचे एक जुने नावच मुळी ‘कॅकेक्टिन’ असे होते. ही द्रव्ये मेंदूतील भुकेचे केंद्र दाबतात आणि स्नायूंतील प्रथिने तोडायला लावतात. यकृत आपले नेहमीचे काम, म्हणजे अल्ब्युमिन तयार करणे, मागे टाकते व दाहाची प्रथिने बनवू लागते. या अवस्थेला कॅकेक्सिया म्हणतात. येथे चरबी आणि स्नायू एकाच वेळी जळतात. शरीर घराचे वासे काढून चूल पेटवू लागते.

विद्यार्थ्यांनी आणखी एक हिशेब पाहावा. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज पूर्ण जाळत नाहीत, त्याचे लॅक्टेट करून सोडून देतात. हे निरीक्षण ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात मांडले. या अर्धवट ज्वलनात एका ग्लुकोजमागे ऊर्जेचे, म्हणजे एटीपीचे, अवघे २ रेणू मिळतात. ते लॅक्टेट रक्तातून यकृतात जाते आणि यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते. त्यासाठी ६ रेणू खर्च होतात. हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या नावाने ओळखले जाते. मिळकत २ आणि खर्च ६. मिळकत गाठीची आणि खर्च रुग्णाचा. असा संसार किती दिवस चालेल?

२०११ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने कॅकेक्सियाची व्याख्या ठरवली. सहा महिन्यांत आपोआप ५ टक्क्यांपेक्षा अधिक वजन घटणे, किंवा माणूस आधीच बारीक असेल तर २ टक्क्यांपेक्षा अधिक घटणे, आणि नुसत्या आहाराने ते पूर्णपणे भरून न येणे. ६० किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे केवळ ३ किलो. आपल्याकडे ३ किलो घटले तर कुणी बोलतही नाही. १५ किलो गेल्यावर शेजारी विचारतात.

अन्ननलिकेच्या रुग्णात उपासमार व कॅकेक्सिया हे दोन्ही एकत्र असतात, आणि हाच या रोगाचा कठीण भाग आहे. नळी घातल्याने किंवा जाळीचा स्टेंट बसवल्याने उपासमार थांबते, कॅकेक्सिया थांबत नाही. म्हणून नळीवाटे व्यवस्थित अन्न जाऊनही रुग्णाच्या मांड्या भरत नाहीत. अशा वेळी घरात दोषारोप सुरू होतात. सून नीट घालत नाही, मुलगा दूध पातळ करतो, रुग्णच हट्टी आहे. या बोलण्यात काही तथ्य नसते, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. भूक मेंदूतच दबलेली असताना ‘चार घास खाच’ म्हणून रागावणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला ‘थंड हो’ म्हणण्यासारखे आहे.

उपाय अगदीच नाहीत असे नव्हे. डेक्सामेथासोन थोडे दिवस दिल्यास भूक सुधारते, पण जास्त दिवस दिल्यास साखर वाढते व स्नायू आणखी क्षीण होतात. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतील डॉक्टरांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ओलान्झेपिन या जुन्या व स्वस्त औषधाच्या अल्प मात्रेने, केमोथेरपी घेणाऱ्या जठर, फुप्फुस, यकृत-स्वादुपिंड यांच्या प्रगत कर्करोगाच्या रुग्णांची भूक व वजन वाढल्याचे दिसले. त्यात अन्ननलिकेचे रुग्ण नव्हते, तरी आपल्याच देशात, आपल्याला परवडणाऱ्या औषधावर झालेले हे काम आहे. डॉक्टरांना त्याविषयी जरूर विचारावे.

कॅल्शियम : सर्वांत जास्त चुकणारे निदान

एक काल्पनिक, परंतु नेहमी दिसणाऱ्या लक्षणांवर आधारलेले उदाहरण घेऊ. ५८ वर्षांचे रिक्षाचालक, अन्ननलिकेच्या मधल्या भागाचा कर्करोग, किरणोपचार पूर्ण झालेले, वेदनांसाठी मॉर्फिनच्या गोळ्या चालू. आठवडाभरापासून ते सारखे लघवीला उठतात. तोंडाला कोरड पडते, पाणी मागतात, मळमळते. पाच दिवस शौचाला झालेली नाही. मग ते दिवसभर झोपू लागतात, मधेच जागे होऊन मेलेल्या भावाला हाक मारतात. घरचे म्हणतात, मॉर्फिन जास्त झाले. मॉर्फिन बंद केले जाते. आता रुग्ण झोपेतही कण्हतो. आणि तरीही भ्रम कमी होत नाही.

बद्धकोष्ठ, मळमळ आणि गुंगी ही तिन्ही लक्षणे मॉर्फिनचीही आहेत आणि रक्तात कॅल्शियम वाढल्याचीही. म्हणून येथे फसगत होते. मात्र भरपूर लघवी आणि तहान ही मॉर्फिनची लक्षणे नव्हेत. ही खूण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. गुंगी आली, लघवी वाढली आणि कोठा बांधला की कॅल्शियम तपासावे.

हे कॅल्शियम येते कोठून? स्क्वॅमस पेशींच्या गाठी पुष्कळदा एक प्रथिन स्रवतात. आपल्या गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींच्या संप्रेरकाशी ते इतके मिळतेजुळते असते की हाडे व मूत्रपिंड त्याला फसतात. पीटीएचआरपी या नावाचे हे प्रथिन १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींतून वेगळे केले. त्याच्या प्रभावाने हाडांतील कॅल्शियम सुटून रक्तात येते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकायचे थांबतात. यासाठी कर्करोग हाडांत पसरलेला असलाच पाहिजे असे नाही. ‘हाडांचा स्कॅन स्वच्छ आहे, मग कॅल्शियम कसे वाढेल?’ या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

पुढे एक दुष्टचक्र सुरू होते. वाढलेले कॅल्शियम मूत्रपिंडाची पाणी राखण्याची शक्ती घालवते, म्हणून लघवी वाढते. सामान्य माणूस पाणी पिऊन ती तूट भरून काढील, पण आपल्या रुग्णाची अन्ननलिकाच बंद आहे. शरीर सुकते. सुकलेल्या शरीरातील मूत्रपिंड मीठ-पाणी घट्ट धरून ठेवते आणि त्याबरोबर कॅल्शियमही. कॅल्शियम आणखी वाढते. इतर कर्करोगांपेक्षा या रोगात हे चक्र वेगाने फिरते, त्याचे कारण हे बंद झालेले दार.

आता तपासणी. रक्तातील एकूण कॅल्शियम सामान्यतः ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. त्यातील जवळजवळ निम्मे अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते. कॅकेक्सियात अल्ब्युमिन उतरते हे आपण वर पाहिले. त्यामुळे अहवालातील एकूण आकडा खोटा दिलासा देतो. यासाठी एक साधे गणित आहे. ४ मधून रुग्णाचे अल्ब्युमिन वजा करावे, आलेल्या आकड्याला ०.८ ने गुणावे आणि ते उत्तर कॅल्शियममध्ये मिळवावे. आपल्या उदाहरणातील रुग्णाचे कॅल्शियम १०.४ आले आणि अल्ब्युमिन १.९ आहे असे समजू. ४ वजा १.९ म्हणजे २.१, गुणिले ०.८ म्हणजे १.६८. एकूण १२.०८. अहवालावर ‘नॉर्मल’ छापलेले आहे आणि रुग्ण मात्र कॅल्शियमने गुंगला आहे. हे गणितही अंदाजेच असते, आयोनाइज्ड कॅल्शियमची तपासणी अधिक विश्वसनीय. ती जेथे होत असेल तेथे तीच मागावी. दुधाची साय किती आहे ते पातेल्यात डोकावल्याशिवाय कळत नाही, तसेच अल्ब्युमिन पाहिल्याशिवाय कॅल्शियम कळत नाही.

उपचार काही महागडे गूढ नाहीत. पहिला उपचार म्हणजे शिरेतून सलाईन, हृदय व मूत्रपिंड झेपवतील तेवढे. त्यानेच पुष्कळांना एका दिवसात थोडी हुशारी येते. दुसरा, झोलेड्रॉनिक अॅसिडचे ४ मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन, सलाईनमधून किमान १५ मिनिटांत. ते हाडांतून कॅल्शियम सुटणे रोखते. मूत्रपिंडाची तपासणी म्हणजे क्रिएटिनिन पाहूनच ते देतात. त्याचा गुण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिसू लागतो आणि पूर्ण परिणामाला आठवडाभर लागू शकतो. तोवरची घाई असेल तर कॅल्सिटोनिन काही तासांत काम करते, मात्र दोन दिवसांत त्याचा जोर ओसरतो. मूत्रपिंड खराब असल्यास डेनोसुमॅब हा पर्याय आहे.

याच जोडीला घरातील औषधांचा डबा उघडून पाहावा. ‘हाडे दुखतात’ म्हणून कुणीतरी आणून दिलेल्या कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या त्यात हमखास सापडतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असते. ही औषधेही कॅल्शियम वाढवतात. डॉक्टरांना डबाच नेऊन दाखवावा, नावे पाठ करण्याची गरज नाही.

उपाशी पोटाला एकदम अन्न

आपल्याकडे लांबच्या आजारातून उठलेल्याला आधी पेज देतात, मग मऊ भात, मग भाकरी. या जुन्या रीतीमागील शास्त्र वैद्यकाला महायुद्धाने शिकवले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बंदिवासातून सुटलेल्या उपाशी सैनिकांना पोटभर जेवण मिळाले आणि त्यांपैकी काहींना अंगावर सूज येऊन हृदय बंद पडण्याची लक्षणे दिसू लागली. छावणीत जे जगले ते जेवून आजारी पडले. या अवस्थेला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

तिचे कारण असे. उपाशी शरीरातील पेशींमधला फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियमचा साठा आटलेला असतो, पण रक्तातील आकडे बऱ्यापैकी ठीक दिसतात. साखर किंवा पिष्टमय पदार्थ एकदम आले की इन्सुलिन उसळते आणि ही तिन्ही द्रव्ये रक्तातून पेशींत ओढून नेते. रक्तातील फॉस्फेट कोसळते. सामान्य पातळी सुमारे २.५ ते ४.५, ती १ च्याही खाली जाऊ शकते. फॉस्फेटशिवाय एटीपी बनत नाही. एटीपीशिवाय हृदय व श्वासपटल चालत नाहीत. जोडीला साखर जाळण्यासाठी लागणारे थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वही संपलेले असते. दारू पिणाऱ्यांत ते आधीपासूनच कमी. त्यामुळे मेंदूवर परिणाम होऊन भ्रम, डोळ्यांची विचित्र हालचाल, चालताना झोक जाणे ही लक्षणे येतात. हा धोका अन्न सुरू केल्यापासून पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वाधिक असतो.

आपल्या रुग्णाच्या बाबतीत हा क्षण नेमका आनंदाचा असतो. महिनाभर काही उतरत नव्हते, आज नाकातून नळी घातली, किंवा पोटातून घातली, किंवा स्टेंट बसला. रुग्ण घरी येतो. घरातील प्रत्येक जण आपापल्या मायेने काहीतरी ओतू पाहतो. शेजारी ग्लुकोज पावडरचा डबा आणतात. मावशी खिरीचे भांडे घेऊन येते. तिसऱ्या दिवशी पायांवर सूज, धाप, धडधड.

कोणाला धोका अधिक? गेल्या तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून अधिक वजन घटलेला, दहा दिवसांहून अधिक जवळजवळ काही न खाल्लेला, किंवा बॉडी मास इंडेक्स १६ च्या खाली असलेला रुग्ण. यांपैकी एकही गोष्ट असली तरी पुरे. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशा रुग्णाला पहिल्या दिवशी वजनाच्या प्रत्येक किलोमागे जास्तीत जास्त १० कॅलरी द्याव्यात, अगदीच खंगलेल्याला ५, आणि चार ते सात दिवसांत हळूहळू पूर्ण आहारावर आणावे. थायमिन अन्नाच्या आधीच सुरू करावे व पहिले दहा दिवस चालू ठेवावे. फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम रोज तपासून भरून काढावे.

४५ किलोच्या माणसाला १० च्या हिशेबाने पहिल्या दिवशी ४५० कॅलरी होतात. टोन्ड दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ६० कॅलरी धरल्या तर दिवसभरात पाऊण लिटर दूध, आणि दुसरे काही नाही. घरच्यांना हे क्रूरपणाचे वाटते. परंतु आठवड्यानंतर याच माणसाला किलोमागे २५ ते ३० कॅलरी, म्हणजे ११०० ते १३५० पर्यंत न्यायचे आहे. तेव्हा नाचणीची गाळलेली पेज, मुगाचे कढण, दूध, अंडे, तेलाचा चमचा, शेंगदाण्याचे बारीक वाटून गाळलेले दूध या सर्वांना जागा आहे. प्रथिने किलोमागे १ ते दीड ग्रॅम असावीत. नुसत्या साबुदाण्याच्या खिरीतून ती मिळत नाहीत.

नळीतून अन्न घालताना रुग्णाला टेकून बसवावे, घातल्यावर अर्धा-पाऊण तास आडवे करू नये, आणि शेवटी पाण्याने नळी धुवावी. स्टेंट असलेल्याने चपाती, मांसाचे तुकडे, तंतुमय भाज्या टाळाव्यात. पाण्याचा घोट घेताच दर वेळी जोराचा ठसका लागत असेल तर अन्ननलिका व श्वासनलिका यांच्यात छिद्र पडले असण्याची शंका घ्यावी. तोंडाने देणे थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

क्षार, साखर आणि शहाळे

इतर बिघाडांविषयी थोडक्यात सांगतो. अन्ननलिका पूर्ण बंद झालेला रुग्ण दिवसाला लिटरभर थुंकी भांड्यात टाकतो. लाळेत पोटॅशियम रक्तापेक्षा बरेच अधिक असते, ते रोज असे वाया जाते. सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध मूत्रपिंडातून मॅग्नेशियम घालवते आणि मॅग्नेशियम भरल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही. परिणामी स्नायू गळून जातात, पायात गोळे येतात, हृदयाचे ठोके चुकतात.

सोडियमचे दुखणे दुहेरी. ते अंगातील मीठ-पाणी गेल्याने उतरू शकते, किंवा कर्करोगामुळे, औषधांमुळे वा फुप्फुसातील संसर्गामुळे शरीराने नको इतके पाणी धरून ठेवल्यानेही उतरू शकते. पहिल्याला सलाईन लागते, दुसऱ्यात पाणी कमी करावे लागते. आकडा एकच, उपचार उलट. म्हणून घरच्या घरी मिठाचे पाणी पाजण्याचा प्रयोग करू नये. रुग्णालयातही सोडियम हळूहळूच वाढवावे लागते, घाईने मेंदूला इजा होते.

शहाळ्याविषयी आमचे मत अनेकांना रुचणार नाही. भेटीला येणारा प्रत्येक जण शहाळे आणतो. त्यात पोटॅशियम भरपूर व सोडियम थोडे असते. पोटॅशियम कमी असलेल्याला ते चांगलेच, पण शरीर सुकून मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाला तेच घातक ठरू शकते. क्रिएटिनिनचा आकडा पाहूनच शहाळे फोडावे.

मधुमेह असलेल्या रुग्णाचा मुद्दा मात्र प्रत्येकाने पक्का ध्यानात ठेवावा. वर्षानुवर्षे चालू असलेली ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लॅमाइडची गोळी, किंवा इन्सुलिन, रुग्ण काहीच खात नसतानाही इमानेइतबारे दिले जाते. वजन २० किलोने घटले तरी मात्रा तीच. पहाटे घाम फुटून बेशुद्ध झालेल्या अशा रुग्णाची साखर प्रथम तपासावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात साखरपाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. खाणे कमी झाले त्याच आठवड्यात या औषधांच्या मात्रेविषयी डॉक्टरांना विचारणे हाच खरा उपाय.

उपनगरातील व्यवहार

वर सांगितलेल्या तपासण्यांपैकी सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, कॅल्शियम आणि अल्ब्युमिन यांसाठी परळपर्यंत धावण्याची आवश्यकता नाही. घाटकोपर-मुलुंडच्या माणसाला राजावाडी किंवा शीव, अंधेरी-बोरिवलीच्या माणसाला कूपर रुग्णालय जवळ आहे. अडचण वेगळीच असते. रात्रीच्या तरुण डॉक्टरसमोर प्रगत कर्करोगाचा, अर्धवट शुद्धीतला रुग्ण येतो आणि ‘आता घरी न्या’ असे सांगणे सोपे असते. त्या वेळी जवळच्या माणसाने नम्रपणे, पण ठामपणे म्हणावे : डॉक्टर, चार दिवसांपूर्वी हे बोलत होते, कॅल्शियम आणि साखर एकदा पाहता का? चार दिवसांपूर्वी बोलत होते, ही माहिती फार मोलाची आहे. सावकाश मावळत जाणे आणि अचानक बिघडणे यांत फरक आहे. अचानक बिघडण्यामागे सुधारता येण्याजोगे कारण असण्याची शक्यता जास्त.

यासाठी शंभर पानी वही पुरते. दर रविवारी एकाच काट्यावर वजन, रोजची लघवी व शौच, किती गेले अन्न-पाणी, रुग्ण किती वेळ जागा होता, औषधांत काय बदलले. घरातला आठवी-नववीतला मुलगाही हे लिहू शकतो, आणि आमच्या पाहण्यात मुलीच ते अधिक नीट लिहितात.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. प्रगत स्क्वॅमस कर्करोगात कॅल्शियम वाढणे हे रोग बळावल्याचे लक्षण आहे. उपचाराने ते उतरले तरी आयुष्य बहुधा काही आठवड्यांचे किंवा थोड्या महिन्यांचेच असते. झोलेड्रॉनिक अॅसिडचा परिणाम दोन-चार आठवड्यांनी ओसरतो, आणि कॅल्शियम पुन्हा वाढल्यावर दर वेळी तेवढाच गुण येईल असे नाही. म्हणून प्रत्येक वेळी सलाईन लावलेच पाहिजे असेही आमचे म्हणणे नाही. रुग्ण अखेरच्या दिवसांत पोहोचला असेल, तर सुई टोचणे थांबवून वेदना व घुसमट शमवणे हाच योग्य उपचार. त्यासाठी टाटा रुग्णालयात पॅलिएटिव्ह मेडिसिनचा विभाग आहे, आणि वांद्र्याला शांती आवेदना सदन ही १९८६ मध्ये स्थापन झालेली, देशातील पहिली मानली जाणारी शुश्रूषासंस्था आहे. तेथे जाणे म्हणजे रुग्णाला टाकून देणे नव्हे.

पण पहिल्यांदा कॅल्शियम वाढते तेव्हा बहुधा ती वेळ आलेली नसते. ते उतरले की माणूस आठ-पंधरा दिवस, कधी महिनाभर, आपल्या शुद्धीवर असतो. मुलांना ओळखतो, सही करू शकतो, दुखते कोठे ते सांगू शकतो, मॉर्फिन पुन्हा योग्य मात्रेत घेऊ शकतो. त्याच दिवसांत त्याला विचारून घ्यावे : पुन्हा असे झाले तर रुग्णालयात न्यायचे का, नळी हवी की नको, गावी जायचे आहे का, खोलीच्या कागदांचे काय. आम्ही गेलो त्या बहुतेक घरांत हे प्रश्न थोरल्या मुलाला विचारले गेले होते. रुग्ण शेजारच्याच खाटेवर जागा होता.